हवा धरणारी बंदूक

शिरूरच्या मिशन बंगल्यातले साहेब कायमचे अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. पाळकसाहेबांना लिहायचं टेबल मिळालं, मुलींच्या शाळेच्या हेडबाई दबोराबाईंना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि याकोब मिस्तरीला बंदूक मिळाली. याकोबची बायको राहेल वातीच्या स्टोव्हवर डोळा ठेवून होती. स्टोव्ह ड्रायव्हरकडे गेला.

"तीस वरसं त्यांच्या दारांना बिजागऱ्या बसवल्या," ती म्हणाली, "आन् हातात काय आलं, तर बंदूक. आता आपण काय दरोडं घालायचं?"

बंदूक हवेची होती. साहेबांनी ती तरुणपणी कुठल्याशा कॅटलॉगमधून, सगळ्यांत स्वस्त म्हणून मागवली होती. नळीखाली एक लाकडी दांडी होती. ती सायकलच्या पंपासारखी उघडमीट केली की हवा आत जायची. आठ वेळा दांडी मारायची, छर्रा घालायचा आणि नेम धरायचा. अडचण एवढीच होती, की नेम धरेपर्यंत हवा निघून जायची. साहेबांनी देतानाच हे सांगितलं होतं. या बंदुकीनं आजवर कोणाचं वाईट केलेलं नाही, म्हणून ती तुझ्याकडे देतोय, असंही म्हणाले होते.

याकोब पंचावन्न वर्षांचा होता. शाळेची बाकं, दवाखान्याच्या खाटा, विहिरीचे रहाट, साहेबांची मोटार, मिशनमधलं जे मोडेल ते त्याच्याकडे येई आणि नीट होऊन जाई. पण त्याला हाक दोनदा मारावी लागे. रंधा मारता मारता तो मध्येच थांबे आणि लाकडाची साल कशी गोल गोल वळत खाली पडते ते बघत राही. राहेल म्हणे, यांचे हात मिशनच्या नोकरीला आहेत आणि डोकं रजेवर आहे.

बंदूक घरी आल्यावर हात आणि डोकं पहिल्यांदाच एका जागी आले. आधी त्यानं दस्ता काढला. साहेब सहा फूट उंच, त्यांच्या खांद्याला बसेल असा तो लांबलचक होता. बंगल्याच्या मोडक्या आरामखुर्चीचा शिसवी हात याकोबनं जपून ठेवला होता. त्यातून त्यानं नवा दस्ता कोरला. रोज थोडा तासायचा, गालाला लावायचा, डोळे मिटायचे, पुन्हा थोडा तासायचा. पंधरा दिवसांनी तो गालाला असा टेकला की आपण काही हातात धरलंय हेच कळेना. मग जवसाचं तेल पाजणं सुरू झालं. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी झिजून गेली होती. तिथं राहेलच्या डब्यातल्या पितळी सुईचा तुकडा बसला. चाप ओढायला आधी पाण्यानं भरलेली बादली ओढावी तसा जोर लागायचा. तो त्यानं कानशीनं घासून इतका हलका केला, की मारायचं मनात आलं तरी बंदूक सुटेल असं वाटे.

या काळात राहेलच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं. तिनं ते चार वेळा सांगितलं. याकोबनं चारही वेळा मनापासून मान हलवली.

सगळं झालं, पण हवा राहीना. पंपाचा वायसर त्यानं जुन्या वहाणेच्या चामड्याचा केला, तो झकास बसला. चोर दुसरीकडेच होता. नळीच्या पोटात एक इवलीशी झडप होती, आणि तिच्याखालचं चामडं साहेबांच्या तरुणपणाबरोबरच वाळून गेलं होतं. याकोबनं वहाणेचं लावून पाहिलं, ते जाड पडलं. बकऱ्याचं लावलं, ते तेलानं फुगलं. राहेलच्या पैशाच्या पिशवीचा कोपराही एके दिवशी नाहीसा झाला. दांडी आठ वेळा मारून तो बंदुकीला कान लावून बसे आणि आकडे मोजी. शंभर झाले, दोनशे झाले, की आतून झोपलेल्या माणसासारखा एक बारीक सुस्कारा ऐकू येई आणि बंदूक रिकामी होई.

त्याला काही मारायचं नव्हतं. पाखरू नाही, खार नाही. संध्याकाळी भरून खुंटीला लावलेली बंदूक सकाळी तशीच भरलेली असावी, एवढीच त्याची इच्छा होती. हवेसारखी हवा, जी कोणाच्या मुठीत राहत नाही, ती आपल्या हातच्या वस्तूत रात्रभर गप्प बसून राहील, या कल्पनेनं त्याला काम करता करता हसू येई.

अशातच मिशनच्या देवळातली पायपेटी कुरकुरायला लागली, म्हणून त्याला बोलावणं आलं. ही पेटी विलायती, जुनी, कपाटाएवढी. खाली दोन पावट्या. त्या पायांनी मारत राहिलं की भात्यात हवा भरते आणि वर बोटांनी सूर वाजतात. दबोराबाई ती बावीस वर्षं वाजवत होत्या. याकोबनं मागची फळी काढून पावट्यांना तेल घातलं, आणि घालता घालता त्याची नजर भात्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथलं कातडं कानाच्या पाळीसारखं मऊ होतं. पन्नास वर्षं होऊनही ना फुगलेलं, ना वाळलेलं. कोपऱ्यावर ते दुहेरी होतं. वरचा पदर नसला तरी खालचा होताच.

एक छोटी प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ तो तिथं गुडघ्यांवर बसला. प्रार्थना मात्र केली नाही. मग पोकळ छिन्नीनं वरच्या पदरातून पावलीएवढी गोल चकती काढली आणि फळी लावून टाकली.

त्या संध्याकाळी त्यानं बंदूक भरून खुंटीला लावली. सकाळी चहाही न घेता तो घोडनदीच्या वाळूत गेला. बाभळीला एक जर्मनच्या पातेल्याचं झाकण टांगलं, वीस पावलं मागं आला आणि चाप ओढला. झाकण टण्ण वाजलं आणि गोल फिरत राहिलं. नदीत कपडे धुणारी माणसं वर बघायला लागली. याकोब एकटाच हसत उभा होता.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. बंदूक एक दिवस हवा धरी, दोन दिवस धरी, एकदा तर तिनं शनिवार ते मंगळवार धरली. याकोब वाळूत पालथा पडून झाकण वाजवायचा, आणि दोन टण्णांच्या मध्ये नदीचं पाणी बघत राहायचा.

पेटी मात्र खंगत चालली. पहिल्या रविवारी तिचा एक सूर उशिरा आला. दुसऱ्या रविवारी दबोराबाईंना पाय दुप्पट मारावे लागले. तिसऱ्या रविवारी, गीताच्या दुसऱ्याच कडव्याला, पेटीनं मोठा उसासा टाकला आणि ती गप्प झाली. मंडळी तशीच गात राहिली. बाईंचे पाय सवयीनं कडवं संपेपर्यंत चालू होते.

उपासना सुटल्यावर मागची फळी काढली गेली. ती धरून उभं राहायला याकोबच होता. चकतीच्या जागेपासून खालचा पदरही फाटत गेला होता आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. पाळकसाहेब वाकले, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "उंदीर."

बोलायचं तर आताच, हे याकोबला कळत होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या, आणि पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, की संकट येण्याआधीच प्रभूनं आपल्यातल्या एकाच्या हातात बंदूक देऊन ठेवली आहे. आता तोंड मिटण्यावाचून इलाज नव्हता. आजच नवं चामडं लावून टाकतो, एवढंच तो पुटपुटला.

"आत्ता नको," दबोराबाई म्हणाल्या. "उंदीर आहे तोवर तेही खाईल. आधी उंदीर मारा, मग चामडं लावा."

मंडळीच्या पंचांना ते पटलं. कापणीचा सण चार आठवड्यांवर आला होता. गावोगावची मंडळी, दौंडचे रेल्वेतले लोक, सगळे यायचे होते. तोवर याकोब मिस्तरीनं रोज दुपारी दोन ते पाच देवळात बंदूक घेऊन बसावं असं ठरलं. म्हणजे पेटी नीट करायची तर उंदीर मारायला हवा होता, आणि उंदीर नव्हताच.

त्या दुपारी मात्र त्याला विसरता येण्यासारख्या नव्हत्या. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा झालेला असे आणि आत देऊळ माठासारखं गार असे. पश्चिमेच्या खिडकीत एकच निळी काच होती. तिचा निळा तुकडा दुपारभर फरशीवरून सरकत सरकत वेदीच्या पायरीपर्यंत जाई. याकोब शेवटच्या बाकावर, मांडीवर भरलेली बंदूक घेऊन, त्या तुकड्याकडे बघत बसे. मांडीवरच्या हवेला कळतंय का आपण आत आहोत ते, असले विचार त्याच्या मनात येत. चारला राहेल चहा घेऊन येई. दिसला का, असं ती विचारी. अजून न्हाई, असं तो म्हणे, आणि ते खरंच असे.

पण बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी "आमचा बंधू याकोब, जो मंदिरात पहारा करतो" असं म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा त्याला जेवण जाईना. दहा दिवस तसेच गेले. अकराव्या दिवशी तो एस.टी. पकडून दौंडला गेला. राहेलचा भाऊ विल्यम तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. याकोबनं त्याला सगळं सांगितलं नाही. उंदीर हवा आहे, एवढंच सांगितलं.

विल्यमला त्यात काही नवल वाटलं नाही. "कसा पायजे, दाजी?"

"कसा म्हंजी?"

"आमच्याकडं समद्या मापाचं हायेत. गव्हाच्या वॅगनीतला घेतला तर दांडगा निघंल. मारून देऊ का?"

याकोबनं या गोष्टीचा प्रवासात बारकाईनं विचार केला होता. मेलेला उंदीर दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. पण जिवंत उंदीर देवळात सोडला आणि तिथं मारला, तर "मी देवळात उंदीर मारला" हे वाक्य अक्षरशः खरं ठरत होतं. "जिताच दे," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मांडीवर बिस्किटाचा भोकं पाडलेला डबा होता. डब्यात खुडबूड होत होती. कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय हाय. याकोबला खोटं बोलता येईना, त्यानं सांगितलं, उंदीर. कंडक्टर हसून पुढं गेला. शेजारच्या भागुबाई नावाच्या माळणीला मात्र ते खरं वाटलं. ती थेट शिरूर येईपर्यंत पाय वर घेऊन बसली, आणि उतरताना तिनं मोठ्या काळजीनं विचारलं की दवापाण्याला लागतो का.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला याकोबनं देवळाची दारं लावली, खिडक्या लावल्या, दांडी आठ वेळा मारली, छर्रा घातला आणि पायानं डबा आडवा केला. उंदीर बाहेर आला. मालधक्क्यावर वाढलेला तो, त्याला माणसाचं भय नव्हतं. तो सावकाश चालत फरशीवरच्या निळ्या उजेडात गेला, मागच्या पायांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसायला लागला. आधी डावा गाल, मग उजवा. मग कानामागचं.

पितळी माशी बरोबर त्याच्या कानावर आली होती. इतका सुरेख नेम याकोबला झाकणावरही कधी लागला नव्हता. चाप तर नुसतं मनात आणण्यापुरता उरला होता. पण तेच मनात येईना. उंदराचं तोंड पुसून झालं, त्यानं एकदा इकडे पाहिलं, आणि प्रवासानं दमलेल्या पाहुण्यासारखा तो पेटीच्या मागे निघून गेला.

आता देवळात खरोखरचा उंदीर झाला. रविवारी ऐन प्रवचनात तो व्यासपीठासमोरून आडवा गेला. पाळकसाहेबांना झालेला आनंद लपत नव्हता. त्यांचा संशय खरा ठरला होता. सणासाठी लोक बाजरीची पोती, शेंगा, भोपळे देवळात आणून ठेवायला लागले, तशी उंदराची चंगळ झाली. त्यानं रोज नव्या पोत्याला तोंड लावलं. लोक याकोबच्या नेमासाठी प्रार्थना करू लागले. लेकाचा उंदीर याकोबच्या पायाशी येऊन शेंगा खाई, आणि याकोब मांडीवर बंदूक घेऊन टरफलं वेचत बसे.

सणाच्या आदल्या दिवशी दबोराबाई फुलं लावायला आल्या. पोत्यांची भोकं मोजणारी त्यांची नजर पाहून याकोबला राहवलं नाही. तो उठून उभा राहिला आणि चकतीपासून बिस्किटाच्या डब्यापर्यंत सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी हातातली शेवंतीची जुडी खाली ठेवली. "पेटीचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी मुलींना कंपासनं वर्तुळ काढायला शिकवतेय, मिस्तरी. फाटलं होतं, पण एका बाजूला अर्धं वर्तुळ शाबूत होतं. उंदराला इतकं गोल जमत नाही."

"मंग तुमी बोलला का न्हाई?"

बाई बाकावर बसल्या आणि पाय लांब केले. "माझे गुडघे दुखतात. बावीस वर्षं सगळी मंडळी उभी राहून गाते, आणि मी खाली मान घालून पाय मारते. लग्न असो, मयत असो. तोंडानं गायला गेलं तर पाय चुकतो. म्हणून मी कधी गायलेच नाही." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "हे तीन रविवार मी नुसती बसले. उद्या सण आहे. उद्या एकदाच मला बायकांत उभं राहून गाऊ द्या. मग पाळकसाहेबांना काय सांगायचं ते सांगा."

सणाला देऊळ दारापर्यंत भरलं. दौंडच्या मंडळींनी ढोलकी आणली होती, तिच्यावर गीतं झाली. दबोराबाई तिसऱ्या ओळीत, नव्या पातळात, हातात पुस्तक न घेता उभ्या राहिल्या आणि मोकळ्या गळ्यानं गायल्या. त्यांचा आवाज फार मोठा होता, आणि तो सुरात नव्हता. ढोलकीवाला दोनदा थांबला. पुढच्या ओळीतल्या बायका आधी वळून बघत होत्या, मग वळायच्या थांबल्या. बाईंचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं, की त्यांना थांबवायचं धाडस पाळकसाहेबांनाही झालं नाही. नंतर आलेल्या जिनसांचा लिलाव झाला. मांडवगण फराट्याचे पोपटराव दरवर्षी हौसेनं यायचे, त्यांनी शेंगांचं पोतं घेतलं. पोतं बैलगाडीत चढलं त्या दिवसापासून देवळात उंदीर दिसला नाही.

मंगळवारी सकाळी याकोब पाळकसाहेबांकडे गेला आणि उभ्यानंच सगळं बोलला. निदान देवळातून काढतील, एवढी त्यानं मनाची तयारी ठेवली होती. पाळकसाहेबांनी त्याला जी क्षमा केली, ती इतक्या घाईनं केली की याकोबला आपण नीट सांगितलं की नाही अशी शंका आली.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "पेटी कधी सुरू होईल ते सांगा."

चामडं पुण्याहून मागवावं लागेल, दोन आठवडे तरी जातील, असं याकोब म्हणाला.

"दोन आठवडे नकोत. बंदुकीतलं काढा, फाटलेलं शिवून वर तेच ठिगळ बसवा. उद्याच्या प्रार्थनासभेच्या आत." पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला. "बाईंनी आणखी एक रविवार गायलं, तर दौंडची मंडळी पुन्हा येतील असं मला वाटत नाही."

त्या दुपारी याकोब देवळात गेला. पेटीची फळी काढून ठेवली, बंदूक मांडीवर घेतली आणि पेचकस हातात धरून बसला. निळा तुकडा फरशीवर आला होता. शाळा सुटली आणि दबोराबाई आत आल्या. पाळकसाहेबांचा हुकूम त्यानं त्यांना सांगितला. हुकुमामागचं कारण सांगितलं नाही. बाई बंदुकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "जिच्यापायी एवढं झालं, ती बघू तरी."

त्यानं बंदूक त्यांच्या हातात दिली आणि दांडी कशी मारायची ते दाखवलं. छर्रा घातला नव्हता. बाईंनी मोजून आठ वेळा दांडी मारली. सहाव्याला त्या बाकावर बसल्या, पण थांबल्या नाहीत. आठ झाल्यावर त्यांचे हात आपोआप नवव्याला उचलले गेले, तसं याकोबनं पुरे म्हटलं.

"आता मारायचं थांबलं की हवा गेली?"

"न्हाई, बाई. आता ऱ्हाती."

"काही न करता?"

"काई न करता. परवापस्तोवर तर नक्की."

बाईंनी नळीला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. बराच वेळ त्या तशाच बसल्या. निळा उजेड त्यांच्या चपलांवर चढला, पुढं गेला.

"ही भरलेली असताना उघडता येते का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. मारून रिकामी केल्याबिगर खोलली तर धोका हाय."

"असं," बाई म्हणाल्या. त्यांनी बंदूक हळूच त्याच्या मांडीवर ठेवली आणि उठल्या. "मग राहू द्या. मी भरलीय, मीच मारीन. उद्या मला वह्या तपासायच्या आहेत. गुरुवारी येते."

त्या दारापर्यंत पोचल्यावर याकोबच्या लक्षात आलं, की प्रार्थनासभा बुधवारी आहे. त्यानं हाक मारण्यासाठी तोंड उघडलं. मग पेचकस खिशात टाकला, बाकाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.